घरच्या घरी ग्लिसरीन साबण

नमस्कार, श्रोतेहो.

साबण घरी करायचा म्हटलं की पहिली धास्ती असते कॉस्टिक सोड्याची. आजच्या पद्धतीत तो हाताळावाच लागत नाही. ‘मेल्ट अँड पोअर सोप बेस’ या नावाने तयार साबणाची लादी मिळते. तेल आणि कॉस्टिकची प्रक्रिया कारखान्यातच उरकलेली असते. नेहमीच्या अंघोळीच्या वड्या किसून मात्र हे जमवायला जाऊ नका. त्या धड वितळत नाहीत, नुसती लापशी होते.

माप लिहून घ्या. पारदर्शक बेस ५०० ग्रॅम. त्यात १०० ग्रॅमच्या ५ वड्या होतात. त्वचेला चालणारं सुगंधी तेल ५ मिलिलिटर, म्हणजे एक छोटा चमचा. साबणासाठीचा रंग २-३ थेंब. शिवाय सिलिकॉनचा साचा, थर्मामीटर आणि फवाऱ्याच्या बाटलीत थोडं सर्जिकल स्पिरिट.

बेसचे सुपारीएवढे तुकडे करा. पातेल्यात दोन बोटं पाणी तापवून त्यात स्टीलचं कोरडं भांडं ठेवा, तुकडे घाला, वर झाकण ठेवा. आच मंद. ६०-६५ अंश सेल्सिअसला सगळं पातळ होतं. पारा ७० च्या वर जाऊ देऊ नका. सगळ्यात जास्त साबण बिघडतात ते इथे. बेस उकळला की त्यातलं पाणी उडून जातं, रंग पिवळट पडतो आणि वडी रबरासारखी चिवट होते. चमचाही हळूच फिरवायचा. जोरात घुसळलात तर हवा आत शिरते आणि काचेसारखा दिसायला हवा तो साबण बुडबुड्यांनी भरतो.

आता भांडं खाली उतरवून रंग आणि सुगंधी तेल घाला. वासासाठी हात सैल सोडू नका. जास्तीचं तेल साबणात सामावत नाही. वडी गढूळ आणि मऊ होते, वर तेलकट थेंब येतात. व्हॅनिलाच्या वासाने साबण काही दिवसांत तपकिरी पडतो, तो दोष तुमचा नव्हे.

हळद घालायची हौस पुष्कळांना असते. घाला, पण पाव चमचाच, आणि पिवळ्या रंगाची आशा सोडा. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो ना, तेच इथे होतं. मुलतानी माती एक चमचा पुरे. आधी तेवढ्याच ग्लिसरीनमध्ये कालवून घ्या, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. अशी पूड घातली असेल तर ओतायची घाई नको, नाहीतर सगळी तळाला बसते. मिश्रण ५० अंशांच्या आसपास येऊन चमच्याला दाटसर धरू लागलं की ओता. ताजा कोरफडीचा गर, दूध, लिंबाचा रस मात्र नकोच. साबणात ते टिकत नाहीत, कुजतात.

ओतल्यावर वर आलेल्या बुडबुड्यांवर स्पिरिटचा एक फवारा मारा, ते लगेच फुटतात. स्पिरिट पेट घेतं, म्हणून आधी गॅस बंद आहे ना ते बघा. दोन रंगांचे थर हवे असतील तर पहिल्यावर साय धरली, पण आत अजून ऊब आहे, अशा वेळी स्पिरिट फवारून दुसरा थर ओता. पहिला पूर्ण गार झाला तर पुढे वापरताना थर सुटे होतात.

साधारण ३-४ तासांत वडी साच्यातून निघते. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर तिच्यावर पाणी जमतं. एरवीही ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात पावसाळ्यात उघड्या ठेवलेल्या वडीला तासाभरात दवासारखे थेंब फुटतात. साबण खराब झालेला नसतो. पुसा आणि वापरा. ठेवायच्या वड्या मात्र काढल्या काढल्या प्लॅस्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळा, आणि न्हाणीघरातली साबणदाणी भोकांचीच घ्या.

फसलेली वडी टाकू नका, तुकडे करून पुन्हा वितळवता येते. आणि दिवाळीला विकायचा विचार असेल, तर अन्न व औषध प्रशासनाकडे परवान्याची चौकशी आधी करा. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधनं बनवायला परवाना लागतो. नमस्कार.