पावसातला हरिश्चंद्रगड: सॅकमध्ये काय हवं?

[दृश्य: सकाळचं खिरेश्वर. भातखाचरं, मागे ढगात बुडालेला डोंगर.]

जुन्नर तालुक्यातलं खिरेश्वर. पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने रस्ता गावात येतो आणि गावामागे हरिश्चंद्रगडाची चढण सुरू होते. गडाची उंची सुमारे १४२४ मीटर. एरवी इथून वरच्या मंदिरापर्यंत चार-पाच तास लागतात. जुलैमध्ये किती लागतील, ते पाऊस ठरवतो.

पावसाळी ट्रेकला निघालेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठलं जॅकेट घेतलं म्हणजे भिजणार नाही? खरं सांगायचं तर घाटमाथ्यावर भिजणं टळत नाही. पाऊस आडवा येतो, गळ्यातून, बाह्यांतून आत शिरतो. तो नाही शिरला, तर चढणीचा घाम जॅकेटच्या आतच राहतो. तेव्हा तयारी करायची ती भिजल्यावर गारठू नये यासाठी. सॅक भरताना हाच हिशेब डोक्यात हवा.

[दृश्य: बांधावर गुराखी, डोक्यावरून घोंगडीची खोळ.]

बांधावरच्या या गुराख्याने काय पांघरलंय पाहा. मेंढीच्या लोकरीची घोंगडी. ती भिजते, जडही होते, पण ओली झाली तरी ऊब धरून ठेवते. सुती टी-शर्ट आणि जीन्सचं नेमकं उलट. एकदा भिजले की अंगाला चिकटतात आणि वारा सुटला की अंगातली ऊब ओढून घेतात. चालताना पटकन वाळणारे पॉलिएस्टरचे कपडे बरे. मुक्कामासाठी मात्र एक पूर्ण कोरडा जोड, अगदी बनियनपासून लोकरी मोज्यांपर्यंत, वेगळा बांधायचा.

[दृश्य: सॅक भरणारे हात, जवळून.]

सॅकवरच्या रेनकव्हरवर विसंबू नका. पाणी पाठीकडून आत उतरतं आणि कव्हरच्या तळाशी साचून राहतं. आधी सॅकच्या आत एक मोठी, जाड प्लॅस्टिकची पिशवी बसवायची, सगळं सामान तिच्यात भरायचं, तोंड पिळून दुमडायचं आणि रबरबँड लावायचा. स्लीपिंग बॅग आणि कोरडा जोड तळाशी, त्यांनाही आपापली वेगळी पिशवी. मुक्कामाला पोचेपर्यंत तो जोड बाहेर निघता कामा नये. अपवाद एकच. कुणी थरथर कापायला लागलं, बोलताना अडखळायला लागलं, तर ती हायपोथर्मियाची, म्हणजे अंगाचं तापमान धोकादायक इतकं खाली जाण्याची, सुरुवात असू शकते. तिथेच आडोसा करून त्याचे ओले कपडे बदलायचे, शुद्धीवर असेल तर काहीतरी गोड खायला द्यायचं आणि पुढचा बेत सोडून द्यायचा.

[दृश्य: टोलारखिंड. दगडावर कोरलेला वाघ. पुढे ओला कातळ.]

टोलारखिंडीत वाघाचं जुनं शिल्प आहे. इथून पुढे कातळटप्पा लागतो. आधाराला रेलिंग आहे, पण सगळा भरवसा बुटांवर. ओल्या बेसाल्टवर शेवाळ धरलं की टणक सोलचे महागडे बूटही सरकतात. सोलचं रबर मऊ हवं, खाचा खोल हव्यात. सह्याद्रीत जुन्या मंडळींच्या पायात हंटर शूज, म्हणजे कॅनव्हासचे, रबरी सोलचे बूट, दिसतात ते यासाठीच. कॅनव्हासमधून पाणी आत येतं तसं निघूनही जातं. वॉटरप्रूफ बुटात मात्र घोट्यावरून शिरलेलं पाणी दिवसभर आतच डचमळत राहतं. वर्षभर माळ्यावर पडलेले बूट थेट गडावर नेऊ नका. डिंक सुकलेला असतो आणि अर्ध्या वाटेत सोल उघडतो. तसं झालंच तर बांधायला दोन-तीन मीटर नायलॉनची दोरी सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात असू द्या. आणि निघायच्या आदल्या दिवशी पायाची नखं कापा. उतरताना बोटं पुढे सरकून बुटावर आदळतात.

पाँचोबद्दल, म्हणजे डोक्यावरून घालायच्या घोळदार रेनकोटबद्दल, एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. सपाटीवर तो उत्तम. कातळावर त्याचा घोळ पायांवर येतो आणि पुढची खोबण दिसेनाशी होते. चढण्याआधी तो कमरेला खोचून घ्या किंवा सरळ काढून ठेवा.

[दृश्य: पठार. धुकं. दहा पावलांवरचा माणूस अंधूक.]

कातळ संपला की सोपं झालं असं वाटतं. खरा कस इथेच लागतो. मंदिरापर्यंत लहानमोठ्या टेकड्या, ओढे आणि चारी दिशांना फुटलेल्या ढोरवाटा. धुक्यात सगळ्या वाटा सारख्याच दिसतात. गावातला वाटाड्या सोबत घेणं हाच इथला सगळ्यात चांगला सल्ला. फोनमध्ये वाटेचा ट्रॅक आधीच उतरवून घ्या, पण ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही हेही लक्षात असू द्या. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता: ही मदतीची हाक. उत्तर तीन शिट्ट्यांचं. अंधारात धुकं असेल तर हेडटॉर्च कपाळावरून काढून कमरेजवळ धरा. कपाळावरचा उजेड धुक्यावरून उलटून डोळ्यांवर येतो. खाली धरला की पायवाट दिसते.

वाट हरवलीच तर उतार दिसेल तिकडे सुटू नका. या डोंगराचा उतार पश्चिमेला कोकणकड्यावर संपतो. जागेवर थांबा, एकत्र बसा, धुकं हलण्याची वाट पाहा.

[दृश्य: मंदिर, केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी. मग तंबूत बदललेले कपडे, हातात पिठलं-भाकरी.]

पावसात तहान जाणवत नाही. पण घाम येतच असतो आणि पायांत पेटके येतात. तासाभराने चार घोट पाणी, मूठभर गूळ-शेंगदाणे. मुक्कामी शेकोटीचा विचार नको. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, इथलं लाकूड इथेच राहू द्यायचं.

[दृश्य: घराची गॅलरी. दोरीवर तंबू.]

घरी आल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ते सावलीत वाळवा. उन्हात किंवा हीटरपुढे डिंक सुटतो. तंबू आणि दोरी पुरती सुकल्याशिवाय घडी घालू नका.