अठरा पूर्ण झाल्यावर थेरपी कुठे शोधायची

नमस्कार. बाहेर एवढा पाऊस आहे तरी इतकी मंडळी आलात, आणि बरेच आई-बाबा मुलामुलींना सोबत घेऊन आलात, खूप बरं वाटलं. ज्यांना मागे फेऱ्या मारायच्यात त्यांनी खुशाल माराव्यात, आणि माइकचा आवाज टोचत असेल तर सांगा, मी माइकशिवाय बोलेन.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः करायला शिकवते. सुरुवातीची बरीच वर्षं ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेल्या लहान मुलांबरोबरच काम केलं, आणि मग ती मुलं मोठी झाली. चार वर्षांचा असताना माझ्याकडच्या झोक्यावर बसणारा मुलगा आता बावीसचा झालाय, दाढी करतो, माझ्यापेक्षा उंच आहे, आणि त्याची आई विचारते, मॅडम आता पुढे काय? शाळा संपली, सेंटर म्हणतं आम्ही मोठी मुलं घेत नाही, आणि घरी दिवस उगवतो तो मावळेपर्यंत मोबाइल. हे माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते.

आपल्याकडे थेरपी म्हटलं की एक खोली, पाऊण तास, आणि बाहेर बाकावर बसलेली आई. अठरानंतर हे बदलावं लागतं. तेव्हा प्रश्न ‘याच्यात काय कमी आहे’ हा राहत नाही, ‘याचा दिवस कसा जावा, आणि त्याला स्वतःला कसा जावासा वाटतो’ हा होतो.

डोनाल्ड ट्रिपलेट हे नाव किती जणांनी ऐकलंय? १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी ऑटिझमवर जो पहिला पेपर लिहिला त्यातला पहिला मुलगा. अमेरिकेत मिसिसिपीमधल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा. तो मोठा होऊन गावातल्या बँकेत नोकरीला लागला, सत्ताविसाव्या वर्षी गाडी शिकला, गोल्फ खेळायचा, देशोदेशी फिरून आला, आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. घरची परिस्थिती चांगली होती, बँकही आईच्या माहेरची होती, हे खरंच आहे. पण गावाने त्याला तो होता तसा आपला मानला, आणि गाडी शिकायला सत्तावीस हे वय उशिराचं धरलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण विसाव्या वर्षीच म्हणतो, आता काय शिकणार.

आता पर्याय बघू. पहिलं घेते काळजी, म्हणजे अँग्झायटी, कारण या वयात सगळ्यात जास्त त्रास तिचाच होतो आणि घरचे त्याला हट्ट समजतात. बोलून व्यक्त होता येणाऱ्या मुलांसाठी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी, हा चांगला पर्याय आहे, पण ती ऑटिझमसाठी बदलून घ्यावी लागते. ‘मनावर दगड आहे का’ असं विचारलं तर तो दगड शोधेल. सरळ शब्द, कागदावर लिहिलेले किंवा चित्रातले मुद्दे, मध्ये ब्रेक, आणि त्याच्या आवडीचा विषय, मग ते रेल्वेचं टाइमटेबल का असेना, त्याच्यातूनच बोलायचं. उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या इंग्लंडच्या नाइस या संस्थेची ऑटिस्टिक प्रौढांसाठीची गाइडलाइन २०१२ ची आहे, तिच्यात हेच बदल सांगितलेत. सायकॉलॉजिस्टला पहिल्याच भेटीत विचारा की ऑटिस्टिक मोठ्या माणसांबरोबर काम केलंय का.

दुसरं, रोजचं जगणं. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे फक्त झोके आणि अंगावर फिरवायचा ब्रश नव्हे हो. एका मुलाबरोबर आम्ही लोकलचा प्रवास केला, ठाणे ते दादर, आणि त्याला काही महिने लागले. आधी नुसतं स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचं, गर्दी नसताना, कानावर हेडफोन. मग इंडिकेटर वाचायचा. मग एक स्टेशन, मी बाजूला. मग मी त्याच डब्यात पण लांब, आणि शेवटी मी दादरला वाट बघत उभी. सगळं जमलं, आणि मग एक दिवस गाडीचा प्लॅटफॉर्म बदलला. अनाउन्समेंट झाली, लोक जिन्याकडे पळाले, आणि हा जागच्या जागी कान दाबून उभा. तेव्हा लक्षात आलं की आम्ही प्रवास शिकवला, प्रवास बिघडला तर काय करायचं ते शिकवलंच नाही. मग खिशात एक कार्ड ठेवलं, त्यावर चार ओळी, गाडी सोडून दे, बाकावर बस, बाबांना फोन कर, पुढची गाडी बघ. तोच सराव परत परत केला. पुढच्या पावसाळ्यात गाड्या रखडल्या तेव्हा त्याने घरी फोन करून सांगितलं, बाबा मी बाकावर बसलोय. त्याच्या आईने मला फोन केला आणि आम्ही दोघी रडलो.

दोस्ती, डेटिंग, चेष्टा कशी ओळखायची, यासाठी अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठात तयार झालेला पीअर्स कार्यक्रम आहे, तरुणांसाठी त्याची सोळा आठवड्यांची आवृत्ती आहे आणि त्यात घरचं माणूसही शिकतं. फक्त एक, सतत इतरांसारखं वागून दाखवायला लावू नका, त्याने मुलं आतून दमतात, आणि मुली तर वर्षानुवर्षं हेच करत आल्यात म्हणून त्यांचं निदानही उशिरा होतं. जे बोलत नाहीत त्यांच्यासाठी स्पीच थेरपी विसाव्या वर्षीही चालू ठेवा, चित्रांचं बोर्ड असो नाहीतर चेन्नईत तयार झालेलं, चित्र निवडलं की बोलणारं ‘आवाज’ नावाचं अ‍ॅप. बोलता न येणं म्हणजे मत नसणं नव्हे.

नोकरीसाठी आधी ट्रेनिंग आणि मग काम, असं आपण करतो आणि ट्रेनिंगमध्येच दहा वर्षं जातात. सपोर्टेड एम्प्लॉयमेंटमध्ये उलटं असतं, आधी खरी जागा, आणि तिथेच जॉब कोच बाजूला उभा राहून शिकवतो, मग हळूहळू बाजूला होतो. झेरॉक्सचं दुकान, बेकरी, डेटा एंट्री, काहीही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे आणि सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात त्याचा वाटा आहे, तेव्हा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा.

हे नीट ऐका. जमत असलेलं सोडून तो अचानक मंद झाला, दारात थबकतो, घास हातात धरून बसतो, सांगितल्याशिवाय हलत नाही, तर ते आळस किंवा नाटक म्हणून सोडू नका. कॅटाटोनिया, म्हणजे हालचाल गोठल्यासारखी होण्याचा त्रास, असू शकतो, त्याला उपचार आहेत, लगेच सायकियाट्रिस्टकडे न्या. या वयात फिट्सही नव्याने सुरू होऊ शकतात. गोळ्यांचं म्हणाल तर त्या चिडचिड, नैराश्य, झोप यासाठी असतात, ऑटिझमसाठी गोळी नाही. आणि स्टेम सेल, चिलेशन म्हणजे अंगातले धातू काढायची औषधं, ऑक्सिजनचं चेंबर, यात पैसे घालू नका, हात जोडून सांगते. देशातल्या डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशननेही २०२२ मध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस नाही असं स्पष्ट केलंय. मी यापायी घरातले दागिने गेलेले बघितलेत.

पैशांसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय योजना बघा, एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि थेरपीही त्यात येते. अठरानंतर मुलाच्या वतीने निर्णय घेण्यासाठी लागणाऱ्या कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या लोकल लेव्हल कमिटीकडे जातो, पण अठरा झाले की लगेच तो करायलाच हवा असं नाही. काही मुलांना फक्त बँकेत सोबत लागते, बाकी निर्णय ती घेतात.

आता प्रश्न घेऊ. आई-बाबांनो, जरा थांबा, तिसऱ्या रांगेत निळ्या शर्टवाल्यांनी मघापासून हात वर केलाय आणि बाजूचे त्यांचा हात खाली करताहेत. करू नका. माइक त्यांच्याकडे द्या. बोला, वेळ घ्या, आम्ही थांबतो.