वाटेत आडवं पडलेलं शेपूट

मंडळी, एका मालिकेतलं माणूस दुसऱ्या मालिकेत जातं, त्याविषयी आज बोलायचंय, पण सुरुवात तालमीपासून करतो. आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आला तो तालमीत. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली जुनी तालीम. लाल मातीचा हौदा, भिंतीवर शेंदूर लावलेला मारुती आणि त्याच्या खाली घडवंचीवर ठेवलेला ब्लॅक अँड व्हाईट संच. रविवारी साडेनऊला ‘रामायण’ लागायचं. एकजण कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि दुसरा दारातनं ओरडायचा, “मुंग्या यायल्यात, अजून डावीकडं... बस, बस, हलवू नको!” एरवी बायका तालमीचा उंबरा ओलांडत नसत. रामायणाच्या काळात मात्र दारापासून रस्त्यापर्यंत सतरंज्या पडायच्या आणि आमच्या आया-आज्या निवांत बसून बघायच्या.

दारासिंग पहिल्यांदा मारुती होऊन पडद्यावर आला तो रविवार मला अजून आठवतो. हात जोडले गेले, कुणीतरी नारळ फोडला. आमचे वस्ताद मात्र हात न जोडता पुढे सरकले आणि पडद्याजवळ बसून निरखायला लागले. मग आम्हा पोरांना म्हणाले, “गदा बघू नका, मान बघा. गदा पोकळ आसंल. खांदा पोकळ न्हाई.”

आज चाळीसेक वर्षं मी मालिका बघतोय. आपल्या बघितल्या, परदेशातल्या बघितल्या. नटांविषयी याहून नेमकं वाक्य मी ऐकलेलं नाही.

दारासिंग १९५४ साली रुस्तुम-ए-हिंद झाला. १९६८ साली अमेरिकन पैलवान लू थेझला हरवून त्यानं जगज्जेतेपद मिळवलं. १९७६ मध्ये ‘बजरंगबली’ सिनेमात तो पहिल्यांदा मारुती झाला आणि १९८७ मध्ये रामानंद सागरांनी त्याला पुन्हा मारुती केलं तेव्हा तो साठीला टेकला होता. चेहरा सगळा रंगाखाली आणि सजावटीखाली झाकलेला. अभिनय करायला उरलं काय? डोळे, मान, खांदे आणि उभं राहण्याची रीत. खासबागेत कुस्त्या बघून वाढलेल्या माणसाला ही रीत लांबून ओळखू येते. पैलवान हौद्यात उतरतो तेव्हा आधी मातीला हात लावतो, मग कपाळाला. तो वाकताना बघितला तरी कळतं, किती वर्षं तो वाकत आलाय.

पुढे बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’ आलं. त्यातला भीम प्रवीणकुमार, थाळीफेकीत आशियाई स्पर्धेची दोन सुवर्णपदकं जिंकलेला, १९६६ आणि १९७० साली. आणि ‘सीआयडी’तला दरवाजे तोडणारा दया, म्हणजे दयानंद शेट्टी, तोही थाळीफेकपटूच. हा योगायोग मला फार आवडतो. थाळी फेकणारा माणूस आधी स्वतःभोवती गोल फिरतो आणि सगळं वजन शेवटच्या क्षणी सोडतो. दयाला दरवाजावर खांदा टाकताना नीट बघा.

आता आजच्या विषयाकडे येतो. एका मालिकेतलं माणूस दुसऱ्या मालिकेत जातं. वाहिन्या त्याला ‘महासंगम’ म्हणतात, आजची मुलं ‘युनिव्हर्स’ म्हणतात. पण आपल्याकडचा याचा सगळ्यात जुना आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर नमुना वनपर्वात आहे. द्रौपदीला सौगंधिक कमळं हवीत म्हणून भीम गंधमादन पर्वतावर निघालाय. वाटेत एक म्हातारं वानर आडवं पडलंय. भीम म्हणतो, बाजूला हो. ते म्हणतं, बाबा, माझ्यानं उठवत नाही, शेपूट सरकव आणि जा. भीम डाव्या हातानं, सहज म्हणून, शेपूट उचलायला जातो. हलत नाही. मग दोन्ही हात लावतो. घाम फुटतो, शेपूट तिथंच.

बघा काय झालंय. एका कथेतला वीर दुसऱ्या कथेत आलाय आणि आल्या आल्या त्यानं काही पराक्रम केलेला नाही. नुसता पडून राहिलाय. पण त्याच्या मागं सगळं रामायण आहे आणि ते वजन या कथेतल्या सगळ्यात ताकदवान माणसाला उचलत नाही. आणि दोघेही वायूचे पुत्र, म्हणजे भाऊ. शेपटाच्या निमित्तानं भावाभावांची भेट होते.

मी कुठलाही महासंगम बघायला बसलो की याच गोष्टीनं तो जोखतो. आलेल्या माणसाच्या मागं वजन आहे का? २०१२ मध्ये ‘सीआयडी’ आणि ‘अदालत’ एकत्र आल्या. एसीपी प्रद्युम्न आणि वकील के. डी. पाठक समोरासमोर. शिवाजी साटम हा बँकेत नोकरी करत रंगभूमीवर घडलेला मराठी नट. १९९८ पासून त्यांनी तो एसीपी इतका अंगात मुरवला होता की बोटं हवेत फिरली की पुढचं वाक्य घराघरात आधीच म्हटलं जायचं. असा माणूस परक्या कोर्टात शिरतो तेव्हा त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

परदेशात हे काम फार मन लावून झालंय. ‘चिअर्स’ या बारमध्ये घडणाऱ्या मालिकेत १९८४ साली फ्रेझर क्रेन नावाचा मानसोपचारतज्ज्ञ आला. केल्सी ग्रामरनं तो तिथं केला, मग १९९३ पासून ‘फ्रेझर’ या स्वतंत्र मालिकेत २००४ पर्यंत, सलग वीस वर्षं. आता गंमत अशी की ‘चिअर्स’मध्ये त्यानं सांगितलं होतं, माझे वडील शास्त्रज्ञ होते, वारले. आणि नव्या मालिकेत त्याचे वडील ढळढळीत जिवंत, निवृत्त पोलीस, त्याच्याच घरात राहायला आलेले. लेखकांची ही चूक झाकता आली असती. त्यांनी ती झाकली नाही. १९९५ मध्ये जुन्या बारमधला सॅम पाहुणा म्हणून आला आणि वडिलांच्या देखत म्हणाला, अरे, तू तर म्हणाला होतास हे वारले. फ्रेझरला कबूल करावं लागलं की तेव्हा आमचं भांडण झालं होतं, रागात बोललो होतो. कथेतली फट होती, तिथं बाप-लेकाचं नातं भरलं. मी हा भाग बघितला तेव्हा माझे वडील हयात होते. मी टीव्ही बंद करून त्यांच्या खोलीत जाऊन बसलो होतो.

‘सेंट एल्सव्हेअर’ नावाच्या रुग्णालयाच्या मालिकेचा १९८८ मधला शेवटचा भाग सुचवतो, की ते सगळं रुग्णालय टॉमी वेस्टफॉल या लहान मुलाच्या कल्पनेतलं होतं. त्या मालिकेतली माणसं इतर मालिकांत ये-जा करत होती, म्हणून चाहत्यांनी धागे जोडत जोडत कितीतरी मालिका त्या एका मुलाच्या डोक्यात बसवल्या. त्यांच्या चिकाटीला माझा सलाम, पण निष्कर्ष मला पटत नाही. मारुती भीमाला भेटला हे कुणाच्या तरी स्वप्नात घडलं म्हटलं, की शेपटाचं वजनच गेलं.

आणि आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याची जागा. ‘स्टार ट्रेक’. अंतराळप्रवासाची ही मालिका १९६६ साली अमेरिकेत सुरू झाली, तीन वर्षांत ७९ भाग झाले आणि बंद पडली. आपल्या दूरदर्शननंही ती दाखवली. एंटरप्राइज या अंतराळयानाचा मुख्य इंजिनियर स्कॉटी. तो करणारा जेम्स डूहान हा कॅनडाच्या सैन्यातला. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेला. त्या दिवशी त्याला गोळ्या लागल्या आणि उजव्या हाताचं मधलं बोट गेलं. मालिकेत तो हात कॅमेऱ्यापासून जपून ठेवायचा. पण यंत्रावर ओणवा होऊन काम करणारा तो माणूस बघताना तुम्हाला शंका येत नाही, की यानं खरंच कधीतरी जीव धोक्यात घालून काम केलंय.

१९९२ मध्ये, ‘द नेक्स्ट जनरेशन’ या ‘स्टार ट्रेक’च्या पुढच्या पिढीच्या मालिकेत, स्कॉटी परत येतो. कथेत ७५ वर्षं लोटलीत. नवी एंटरप्राइज, नवी यंत्रं, तरुण इंजिनियर. हा मध्ये मध्ये बोलतो आणि सगळ्यांच्या वाटेत येतो. गंधमादनावरचं म्हातारं वानरच. मग तो एका खोलीत जातो, जिथं संगणक हवं ते दृश्य उभं करतो. म्हणतो, मला एंटरप्राइज दाखव. संगणक विचारतो, कुठली? त्या नावाची यानं पाच झाली. तो चिडून सांगतो, ए-बी-सी-डी काही नको, पहिली. दार उघडतं आणि समोर १९६६ चा तो नियंत्रणकक्ष, रिकामा, दिवे लुकलुकतायत.

तो जुना सेट केव्हाच मोडला होता. रिकाम्या कक्षाचं दृश्य त्यांनी जुन्या भागातल्या फितीतून घेतलं, थोडा भाग नव्यानं बांधला, आणि कप्तानाची खुर्ची व पुढचं पॅनेल एका चाहत्याकडून आणलं. त्यानं ते हौसेनं बनवून ठेवलं होतं. बाबूराव पेंटरांच्या आणि जयप्रभा स्टुडिओच्या गावात, जिथं सेटचं सुतारकाम करणारी घराणी आहेत, तिथं हे सांगताना मला वेगळाच आनंद होतो. कुणा चाहत्यानं घरी रंधा मारून केलेली खुर्ची, आणि ज्या विश्वासाठी केली त्याच विश्वात ती जाऊन बसली.

वनपर्वातही भीम म्हणतो, दादा, समुद्र ओलांडलास ते रूप दाखव. मारुती आधी नाही म्हणतो. ते युग वेगळं होतं, म्हणतो, ते आता दिसायचं नाही. भीम हट्ट सोडत नाही, आणि मग तो दाखवतो.

स्कॉटीचा तो प्रसंग मी सोबत आणलाय, पाचेक मिनिटांचा आहे. मागच्या मंडळींना दिसणार नाही, पुढं सतरंजीवर या, जागा आहे. दादा, तेवढे दिवे घालवा.