शेवटच्या नळाचं पाणी

(दृश्य: पहाट. पाण्याच्या टाकीचा जिना.)

ही वाटी नीट पाहा. स्टीलची, घरातली. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या या गावात कित्येक वर्षं टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करणारी क्लोरीनची पावडर, पडली ती या वाटीनं. उन्हाळ्यात एक, पावसाळ्यात दोन. "मामा, किती टाकायची हे ठरवता कसं?" असं विचारलं की गावचं पाणी शुद्ध करणारे जलसुरक्षक मामा म्हणायचे, "अंदाज हाय की आपल्याला."

मामांना दोष कसा देणार? पावडरीची गोणी वेळेवर येत होती. टाकीत पाणी किती हे मोजायचं कसं, ते मात्र टाकीवर येऊन कुणी दाखवलं नव्हतं.

(दृश्य: मीटर टेप, खडू.)

टेपचं एक टोक आरोग्य सेवकांच्या हातात, दुसरं मामांच्या. टाकी गोल, आतला व्यास पाच मीटर, पाणी अडीच मीटर. मामा कठड्यावर खडूनं मांडतायत: पाच गुणिले पाच, गुणिले अडीच, गुणिले 785 (गोल टाकीतलं पाणी लिटरमध्ये काढायचा आकडा). उत्तर 49 हजार लिटर आणि वर थोडं. हजार लिटरला पाच ग्रॅम पावडर, म्हणजे साधारण 245 ग्रॅम.

आता वाटी तराजूत. काठोकाठ भरूनही 110 ग्रॅम.

(दृश्य: मामांचा चेहरा. निवेदन थांबतं.)

पावडर कोरडीच ओतायची नाही. बादलीत कालवायची, काठीनं ढवळायची, चुना तळाशी बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी तेवढं टाकीत सोडायचं. मग अर्धा तास थांबायचं. गोणीचं तोंड बांधलेलं हवं आणि जागा कोरडी, नाहीतर क्लोरीन उडून जातं. चांगल्या पावडरीत ते 33 टक्क्यांच्या आसपास असतं. 20 टक्क्यांच्या खाली गेलं की ती पावडर वापरायची नाही. म्हणून नमुना प्रयोगशाळेत जायलाच हवा.

(दृश्य: वारीचं चित्रीकरण. टँकर, विहीर.)

सोलापूर जिल्ह्यात 11 तालुके आणि हजारावर ग्रामपंचायती. पावसाळ्याआधी आणि नंतर पाणीस्रोतांची पाहणी होते, पाण्याला धोका किती, त्यावरून गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. एकेकाळी पंढरपूरची यात्रा म्हटलं की पटकीची धास्ती असायची. आज आषाढीला वाटेवरच्या विहिरी आणि टँकर तपासायला अख्खी यंत्रणा उतरते. ते काम मोठं आहे, आम्ही ते जवळून पाहिलंय. पण वारी पुढे जाते आणि गाव तिथेच राहतं. रोज सकाळी टाकीवर चढणाऱ्या माणसाला हिशोब शिकवणं हे शासनाचं काम आहे, आणि त्यात हात लावणं आमच्यासारख्या संस्थांचं. आमचा आग्रह एवढाच, की प्रशिक्षण सभागृहात संपवू नका. टाकीवर या.

जुलाबाची साथ, कावीळ, बुडालेली मजुरी, हे गावाला नव्यानं सांगायला नको.

(दृश्य: गल्ली, नळ, काचेची नळी.)

2019 मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दर गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. त्यांतल्या दोघी आज आशाताईंसोबत निघाल्यात. टाकीजवळचा पहिला नळ. नळीत पाणी, त्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन असलं की पिवळा रंग देणाऱ्या द्रावणाचे थेंब. पाणी लगेच पिवळं झालं. क्लोरीन आहे.

आता वस्तीच्या टोकाचा शेवटचा नळ. तेवढेच थेंब. ताई नळी उन्हाकडे धरतात, हलवतात, पुन्हा धरतात. रंग नाही.

"मामा, इथं पिवळं येईना!"

मामा पाना घेऊन पाइपाच्या कडेनं चालत येतात. पाइप जिथं गटारातून जातो, तिथं माती ओली आहे. ते खाली बसतात आणि हातानंच उकरायला लागतात. ताई वहीत तारीख आणि नळ कुणाच्या दारातला ते लिहितात, नळी विसळतात आणि शेजारच्या दारात जातात.