ठिपके गेले, पण गेले कुठे?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'खाऱ्या पाण्याच्या टाकीतले परोपजीवी आणि त्यांवरील उपचार'. उपचारांवर येतोच. त्याआधी मला लसणाचा हिशेब चुकता करू द्या. आजारी माशाला लसूण कोणी कोणी चारलाय? हात वर करा, लाजू नका. हा बघा, पहिला हात माझाच.

माझा ब्लू टँग. एका संध्याकाळी खाणं टाकताना त्याच्या डाव्या कल्ल्यामागच्या पराला मिठाचा कण चिकटल्यासारखा दिसला. सकाळी मोजले तर अकरा कण. मधूनच तो आडवा होऊन दगडाला अंग घासायचा आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे जायचा. मासे ज्यांच्याकडून घेतले, ते म्हणाले, "खाणं लसणाच्या रसात भिजवून द्या, चार दिवसांत साफ." दिलं. आणि खरंच, चौथ्या दिवशी मासा आरशासारखा स्वच्छ! मी तिघांना फोन करून लसूणमाहात्म्य सांगितलं. न विचारता, हे वेगळं सांगायला नको.

दोन आठवड्यांनी टँग पिठात घोळल्यासारखा दिसत होता. शेजारच्या दोन्ही क्लाउनफिशवरही तेच. कल्ले धापा टाकल्यासारखे उघडझाप करत होते. घाबरून त्या तिघांपैकी एकाला फोन लावला, तर तो म्हणतो, "बरं झालं फोन केलात, मीच करणार होतो. लसूण किती दिवस चालू ठेवायचा?"

झालं होतं ते असं. हा जीव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, आपल्या बोलीत मरीन इक. एकपेशीय. पांढरा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून जेवणारा पाहुणा. तीन ते सात दिवस जेवतो, पोट भरलं की आपणहून उठतो, बहुधा अंधारात. पण घराबाहेर जात नाही! वाळूत, दगडावर, काचेवर कवच करून बसतो आणि आत एकाचे दोन, दोनाचे चार करत शेकड्यांवर जातो. बरेचसे महिन्याभरात फुटतात, काही त्याहून खूप उशिरा. ७२ दिवसांपर्यंतची नोंद आहे. फुटून निघालेल्या पोरांना एक-दोन दिवसांत मासा गाठावा लागतो, नाहीतर ती मरतात. बंद टाकीत मासा गाठायला कितीसा वेळ लागतो?

म्हणजे पाहुणा आपल्या वेळेला उठला आणि श्रेय लसणाने घेतलं. आपण आरवलो म्हणून उजाडलं असं वाटणाऱ्या कोंबड्यातलीच ही गत. कोणी म्हणतील, "आमच्याकडे माशांचं अंग साफ करणारी क्लीनर कोळंबी आहे." असू द्या. दवाखान्याची पाटी लावून ती छान बसते, पण हा जीव कातडीच्या आत असतो. तिचे चिमटे तिथवर पोचत नाहीत. आणि गोड्या पाण्यातला इक वेगळा बरं का! नात्याने तो याचा भाऊसुद्धा नाही. तिथे मीठ टाकतात. इथे पाण्यात मिठाशिवाय आहे काय?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. आणि उपचार अजून सगळे बाकी! बरं, भराभर सांगतो.

आजारी आहे ती टाकी. म्हणून सगळे मासे बाहेर, धडधाकट दिसणारेसुद्धा. मूळ टाकीत ७६ दिवस एकही मासा नको. प्रवाळ, शंख, कोळंब्या राहू देत, त्यांच्या अंगावर हा जीव पोसत नाही. मासे रिकाम्या तळाच्या दुसऱ्या टाकीत: फिल्टर, हीटर, लपायला पाइपाचे तुकडे. वाळू-दगड नको, ते तांबं शोषतात.

तांबं हा खात्रीचा उपाय. साधं आयनिक कॉपर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, हळूहळू चढवायचं, रोज टेस्ट किटने मोजायचं. कमी पडलं तर इक मरत नाही, जास्त झालं तर मासा मरतो. चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूत बांधलेल्या कॉपरचं प्रमाण वेगळं आणि बरंच जास्त असतं. बाटलीवरचं वाचा, दोन्हींची गल्लत नको. फिल्टरमधला कार्बन काढा. मूळ टाकीत तांब्याचा थेंबही नको, कोळंब्या आणि प्रवाळ जातील.

तांबं नको असेल तर दर ७२ तासांनी मासा आधी कोरडी करून नव्याने भरलेल्या दुसऱ्या टाकीत; असं चारदा. गळून पडलेली कवचं फुटण्याआधी आपण निघालेलो. पाण्याचा खारटपणा विशिष्ट गुरुत्व १.००९ पर्यंत उतरवण्याचाही मार्ग आहे, पण इकच्या काही जाती त्यालाही दाद देत नाहीत. आणि कुठल्याही मार्गात अमोनिया रोज तपासा. नव्या टाकीत मासे इकपेक्षा त्यानेच जास्त दगावतात, असा माझा अनुभव. माझा एक क्लाउनफिश तसाच गेला. टँग वाचला.

ठिपके मिठाच्या कणांएवढे नसून बारीक, सोनेरी धुळीसारखे दिसले, तर तो व्हेल्व्हेट, दुसराच परोपजीवी. तिथे उद्यावर ढकलू नका, एक-दोन दिवसांत टाकी रिकामी होते. चपट्या फ्लूक किड्यांना तांबं लागू पडत नाही, त्यांना प्राझिक्वांटेल हे औषध.

अध्यक्ष उभे राहिले, उठतोच. फक्त एवढं ऐका: दोन टाक्यांना जाळ्या वेगळ्या, बादल्या वेगळ्या, आणि मधे हात कोपरापर्यंत धुऊन कोरडे करायचे. मी सगळं केलं होतं, अठ्ठेचाळिसाव्या दिवशी ओली जाळी मूळ टाकीत बुडवली, आणि कॅलेंडरवर पुन्हा एकपासून आकडे घातले.