ट्टॉक! फुरसुंगीचा बन्या आणि त्याचे भा. रा.

नमस्कार श्रोतेहो, आज बोलायचंय मुलांचे लाडके लेखक भा. रा. भागवत यांच्याबद्दल, म्हणजे फास्टर फेणे या गोष्टीतल्या पोराच्या बाबांबद्दल असंच म्हणा ना. जन्म 31 मे 1910, इंदूरचा. सुरुवातीला दिल्लीत चक्क आपल्या रेडिओतच नोकरीला होते बरं का, पण 42 ची चळवळ पेटली आणि हा माणूस त्यात उतरला, तुरुंगातसुद्धा जाऊन आला.

पुढे 1951 मध्ये त्यांनी 'बालमित्र' मासिक काढलं. मुलांचं मासिक चालवायचं म्हणजे पैशाची ओढाताण आलीच, पण सोबतीला लीलाताई होत्या, त्यांच्या पत्नी लीलावती भागवत, त्याही मुलांसाठी लिहिणाऱ्या आणि मुंबई आकाशवाणीच्या 'वनिता मंडळ'मुळे घराघरात पोचलेल्या.

आणि मग त्यांच्या गोष्टींत आला बनेश फेणे, म्हणजेच आपला बन्या, फास्टर फेणे! पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, विद्याभवन शाळेत शिकणारा, अंगाने एकदम किडकिडीत, पण सायकलवर बसला की सुसाट, आणि काही भारी घडलं की जीभ टाळूला लावून 'ट्टॉक' असा आवाज काढणार. आपण सगळ्यांनीच तो आवाज काढून घरच्यांचं डोकं उठवलेलं असणार, खात्री आहे माझी. मला सगळ्यात काय आवडतं सांगू, या पोराकडे जादूबिदू काही नाही, आडदांड ताकद नाही, तो फक्त डोळे उघडे ठेवतो आणि जिथे गडबड दिसेल तिथे नाक खुपसतो, मग प्रतापगड असो नाहीतर काश्मीर, गुन्हेगार मोठी माणसं असली तरी हा मागे हटत नाही. आणि भा. रा. स्वतःच गोष्टीत येतात, बन्या त्यांना येऊन सगळं सांगतो आणि ते कान देऊन ऐकतात! एवढा मोठा लेखक पोराचं बोलणं खरं मानून ऐकतोय, हे वाचताना मुलाला केवढा धीर येत असेल विचार करा. उपदेशाचे डोस नाहीत, 'मुलांनो, शहाणे व्हा' नाही. राम वाईरकरांच्या चित्रांनी तर तो बन्या डोळ्यांसमोर उभाच केला.

अशी 20 पुस्तकं झाली फेणेची. शिवाय फ्रेंच विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्न मराठीत आणला तोही यांनीच, 'चंद्रावर स्वारी', 'समुद्र सैतान', 'मुक्काम शेंडेनक्षत्र', किती मुलांना विज्ञानकथेची गोडी तिथे लागली असेल! फेणे पुढे दूरदर्शनवर आला, तेव्हा सुमीत राघवन बन्या झाला होता, आणि 2017 ला अमेय वाघचा पिक्चर आला, त्यात दिलीप प्रभावळकर साक्षात भा. रा. झाले होते. ते बघायला भा. रा. मात्र नव्हते, 2001 मध्येच ते गेले.

पिक्चर छानच आहे, पण घरात आठ-दहा वर्षांचं पोर असेल तर आधी पुस्तक आणा. 'प्रतापगडावर फास्टर फेणे'पासून सुरुवात करा, पहिली दोन प्रकरणं तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, आणि ऐन रंगात आलं की पुस्तक त्याच्या हातात देऊन सरळ स्वयंपाकघरात निघून जा.