देवाचं तोंड गोड करताना

(दृश्य: उत्तर चीनमधलं खेड्यातलं घर. चुलीच्या वर, भिंतीवर धुरानं काळवंडलेलं एक रंगीत चित्र.)

वर्षभर हा देव इथंच बसून असतो. कोण कोणावर ओरडलं, कुणी अन्न टाकलं, सासू-सुनेचं कशावरून बिनसलं, त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. त्साओ वांग ये, म्हणजे चुलीचा देव. चांद्र वर्षाच्या बाराव्या महिन्यात, तेविसाव्या दिवशी तो स्वर्गात निघतो. दक्षिणेकडं चोविसाव्या. तिथं स्वर्गाचा राजा जेड सम्राट याच्यासमोर या घराच्या वर्षभराच्या वागणुकीचा पाढा वाचायचा असतो.

घरातच बसलेल्या अशा चहाडखोराचं करायचं काय?

(दृश्य: बाजारातली टोपली, पांढऱ्या चिकट मिठाईचे गोळे.)

त्याचं तोंड गोड करायचं. अगदी खरोखरचं. मोड आलेल्या धान्यापासून केलेली ही चिवट मिठाई त्याच्यापुढं ठेवतात. काही घरांत चित्रातल्या ओठांनाच फासतात. का? कुणी म्हणतं, तो वर जाऊन गोड बोलेल. कुणी म्हणतं, दातच चिकटतील, बोलेल कसा! मला दुसरं कारण जास्त माणसासारखं वाटतं. मग चित्र चुलीवरच्या भिंतीवरून काढून जाळतात. धुराबरोबर देव वर. त्याच्या घोड्यासाठी वैरण-पाणीसुद्धा ठेवायची रीत होती. चित्राच्या दोन बाजूंना लिहिलेलं असतं: वर गेल्यावर चांगलं सांग, खाली आल्यावर घर सुखरूप ठेव.

बरं, हा देव स्वतः कोण? एका लोककथेत तो चांग नावाचा माणूस. सालस बायकोला टाकून दुसरी केली, पैसा उडवला, शेवटी भीक मागत फिरला. एका दारी पोटभर जेवायला मिळालं. वाढणारी तीच पहिली बायको आहे हे कळल्यावर लाजेनं त्यानं चुलीत उडी घेतली. इतरांच्या घरावर नजर ठेवायचं काम मिळालं ते याला!

(दृश्य: दारावर लाल कागद, त्यावर उलटं लावलेलं अक्षर.)

देवाची पाठ वळली की झाडलोट. चिनी भाषेत धूळ आणि जुनं, दोन्हींचा उच्चार 'छन'. एका झाडूत दोन्ही बाहेर. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मात्र झाडूला हात लावायचा नाही, आलेलं नशीबही झाडलं जाईल. सुखाचं अक्षर 'फू' मुद्दाम उलटं चिकटवतात, कारण 'उलटं' आणि 'आलं' यांचाही उच्चार सारखाच. आदल्या रात्रीच्या जेवणात मासा थोडा शिल्लक ठेवतात; मासा 'यू', शिल्लकही 'यू'. आणि सणाच्या दिवशी हातातून बशी निसटून फुटलीच, तर घरातली वडीलधारी चटकन म्हणतात, 'स्वेई स्वेई फिंग-आन'. म्हणजे वर्षानुवर्षं सुखरूप. फुटण्याचा आणि वर्षाचा उच्चार एकच, त्यामुळं अपशकुन तिथल्या तिथं आशीर्वाद होतो.

(दृश्य: जुनी छायाचित्रं.)

माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीत अशी चित्रं अंधश्रद्धा म्हणून फाडली गेली. १९६७ मध्ये चिनी नववर्षाच्या या सणाची सुट्टीच रद्द झाली. ती परतली १९८० मध्ये. आज शहरातल्या गॅसच्या शेगडीवर हा देव क्वचित दिसतो. ती मिठाई मात्र अजून विकली जाते.

(दृश्य: वर्षाची शेवटची रात्र. बाहेर फटाके. चुलीच्या वर एक हात खळ लावतो आहे.)

देव परतायची वेळ झाली. भिंतीवर कोरं करकरीत चित्र, ओठ स्वच्छ. खाली कढईत तेल तापलंय, आणि पोरं आत्तापासूनच भांडताहेत.